एंजिन सुरू होतानाचा मोठा आवाज : निदान आणि उपाय

मोटारगाडी रात्रभर उभी राहिली म्हणजे सकाळी तिच्या एंजिनाची जी स्थिती असते, ती त्याच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत प्रतिकूल स्थिती होय. वंगणाचे तेल बेअरिंगांतून आणि व्हॉल्व्हच्या यंत्रणेतून निथळून तळाच्या चेंबरमध्ये जाऊन बसलेले असते. पिस्टन थंड होऊन आकसलेला असतो व त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमधील फट नेहमीपेक्षा मोठी झालेली असते. दिवसभरात एरवी कधीही मागितला जात नाही एवढा विद्युत्प्रवाह बॅटरीला एकाच क्षणी पुरवावा लागतो. अशा अवस्थेत निश्चल असलेले हे सारे ओझे एक-दोन सेकंदांत मिनिटास हजार-बाराशे फेऱ्यांच्या गतीला नेले जाते. एंजिनाचा एखादा भाग झिजला असेल वा ढिला झाला असेल, तर त्याची वाच्यता प्रथम याच वेळी व्हावी हे साहजिक आहे. दिवसभर निमूटपणे चालणारी गाडी सकाळी मात्र खडखडते, करकरते किंवा किंचाळते, ती यामुळेच.

असा आवाज कानी पडू लागला की गाडीचा मालक बहुधा दोन टोकांपैकी एक टोक गाठतो. ‘दोन सेकंदांत थांबतो ना, मग असू दे’ असे म्हणून तो वर्षभर काही करीत नाही. किंवा घाबरून पहिल्या भेटलेल्या मिस्त्रीच्या सांगण्यावरून एंजिन उघडण्यास संमती देतो. पहिल्या मार्गाने काही वेळा चारशे-पाचशे रुपयांच्या फिल्टरने भागले असते तेथे संपूर्ण एंजिन गमवावे लागते. दुसऱ्या मार्गाने नुसता पट्टा सैल झालेला असताना सिलिंडर-हेड खाली उतरते. दोन्ही प्रकारांत चूक एकच असते. आवाजाकडे पुरावा म्हणून पाहिले जात नाही, केवळ उपद्रव म्हणून पाहिले जाते. वस्तुतः सुरुवातीच्या आवाजाइतका बोलका पुरावा एंजिन दुसऱ्या कोणत्याही वेळी देत नाही. मात्र तो कोणत्या क्रमाने वाचावा हे ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखात पेट्रोल व डिझेल एंजिनांच्या नेहमीच्या प्रवासी गाड्यांपुरता हा क्रम मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आवाज केव्हा येतो?

आवाजाचे वर्णन करताना तो ‘कसा’ आहे हे आपण प्रथम सांगतो. निदानाच्या दृष्टीने मात्र तो ‘केव्हा’ येतो हा प्रश्न आधी विचारावा लागतो. किल्ली फिरवल्यापासून, अथवा अलीकडच्या गाड्यांत बटण दाबल्यापासून, पुढील पाच-दहा मिनिटांचे चार टप्पे पडतात. पहिला टप्पा स्टार्टर एंजिनाला फिरवीत असतो तेवढ्या वेळाचा. दुसरा एंजिन पेट घेते त्या क्षणाचा. तिसरा तेलाचा दाब सर्वत्र पोहोचेपर्यंतचा, म्हणजे फार तर दोन-तीन सेकंदांचा. चौथा एंजिन तापेपर्यंतचा. प्रत्येक टप्प्यात संशयित निराळे असतात आणि एका टप्प्यातील संशयित सहसा दुसऱ्या टप्प्यात आढळत नाही. एवढी एक गोष्ट घड्याळ लावून नीट पाहिली, तरी निम्मे निदान झाले असे समजावे.

त्यानंतर ‘कसा’ हा प्रश्न येतो. येथे मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द फार उपयोगी पडतात आणि ते शिथिलपणे वापरू नयेत. खडखड आणि खुळखुळ हे एक नव्हेत. खडखड म्हणजे दोन जड भाग एकमेकांवर आदळणे. खुळखुळ म्हणजे पोकळ डब्यात सुटे तुकडे हलणे. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील चिनीमातीसारख्या पदार्थाचे जाळे फुटले, तर गाडीखालून जो आवाज येतो तो तंतोतंत खुळखुळ्याचा असतो. करकर दात्यांची, चीं-चीं पट्ट्याची, टकटक झडपांची आणि फसफस निसटणाऱ्या वायूची. मिस्त्रीपाशी जाताना ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता यांपैकी नेमका शब्द सांगितला, तर त्याचा अर्धा तास वाचतो.

पेट घेण्यापूर्वीचा आवाज

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेवरील स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला आणि हाताने हँडल मारून एंजिन सुरू करण्याचा धोकादायक प्रकार हळूहळू मागे पडला. आपल्याकडील गॅरेजांत या यंत्राला आजही नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या शब्दातील उत्तरार्ध केव्हाच गळून गेला. त्याच्या लहान दातेरी चाकाला ‘बेंडिक्स’ म्हणतात, ते व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून. त्याने शोधलेली मूळ रचना आता गाड्यांत राहिलेली नाही, नाव मात्र टिकले आहे.

स्टार्टरचे कार्य थोडक्यात असे. सोलेनॉइड नावाचा विद्युत्-चुंबक दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या कडेवरील मोठ्या रिंग-गिअरमध्ये गुंतवतो आणि त्याच हालचालीने मुख्य विद्युत्-मंडल जोडतो. लहान चाकाला नऊ-दहा दाते आणि मोठ्या चाकाला शंभर-सव्वाशे, म्हणजे प्रमाण साधारणतः एकास बारा. एंजिन मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरवले जाते.

किल्ली फिरवताच टक-टक-टक असा जलद, मशिनगनसारखा आवाज आला आणि एंजिन फिरलेच नाही, तर दोष बहुधा स्टार्टरचा नसतो. सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात, एक ओढून घेणारे व दुसरे धरून ठेवणारे. मुख्य मंडल जोडले जाताच ओढणाऱ्या वेटोळ्याचे काम संपते व भार धरणाऱ्या वेटोळ्यावर येतो. बॅटरी अशक्त असली म्हणजे त्याच क्षणी स्टार्टरच्या भाराने तिचा दाब कोसळतो, धरणारे वेटोळे हतबल होते, चाक मागे येते, भार जाताच दाब पुन्हा चढतो, आणि हेच चक्र सेकंदाला अनेकदा चालते. विश्रांत स्थितीतील पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. एंजिन फिरवताना तो साडेनऊ-दहा व्होल्टांच्या खाली जाऊ नये. साध्या मल्टिमीटरने हे दोन आकडे पाहावेत. त्याआधी बॅटरीच्या टर्मिनलांवरील पांढरा-हिरवा क्षार पुसून पकड घट्ट करून पाहावी, कारण दोष पुष्कळदा तेवढाच असतो. एकच दणकट ‘टक’ होऊन पुढे शांतता पसरली आणि बॅटरी ठीक असली, तर मात्र सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळाले असल्याचा संशय घ्यावा.

करकर आवाज अधिक गंभीर समजावा, कारण तेथे पोलाद पोलादाला खात असते. याचे एक लक्षण मोठे उद्बोधक आहे. करकर रोज होत नाही. चार वेळा गाडी सुरळीत सुरू होते आणि पाचव्या वेळी दात खाते. मालकाला हे अनाकलनीय वाटते. कारण असे की, चार सिलिंडरांचे एंजिन बंद होताना कोठेही थांबत नाही. कोणत्या तरी सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा त्याला अडवते आणि ते अर्ध्या फेरीच्या अंतरावरील दोन ठरावीक जागांपैकी एका जागेजवळ विसावते. साहजिकच पुढच्या वेळी स्टार्टरचे चाक रिंग-गिअरच्या त्याच दोन पट्ट्यांतील दात्यांवर आदळते. वर्षानुवर्षे तेच दाते झिजतात, उरलेले जवळजवळ नवे राहतात. एंजिन कधी चुकून दुसरीकडे थांबले तर आवाज होत नाही. सहा सिलिंडरांच्या एंजिनात अशा जागा तीन असतात. गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज रिंग-गिअर बदलता येत नाही, म्हणून प्रथम स्टार्टर काढून त्याचे चाक पाहावे. त्या भोकातून रिंग-गिअरचे दातेही, एंजिन हाताने थोडे थोडे फिरवून, विजेरीच्या प्रकाशात तपासता येतात. केवळ लहान चाकाचे दाते बोथट झाले असतील तर खर्च अल्प असतो. जुन्या काळचे कसबी मिस्त्री झिजलेला रिंग-गिअर तापवून, सैल करून, पाव फेरी फिरवून पुन्हा बसवीत. चार सिलिंडरांच्या एंजिनात हा उपाय तर्काला अगदी धरून आहे, कारण पाव फेरीने बरोबर न झिजलेला भाग त्या दोन जागी येतो.

एंजिन सुरू झाल्यावरही क्षणभर उंच पट्टीतील घरघर मागे राहत असेल, तर चाक वेळेवर माघार घेत नाही असे समजावे. एंजिनाने मिनिटाला नऊशे फेऱ्या घेतल्या तरी एकास बारा या हिशेबाने लहान चाक दहा हजार आठशे फेऱ्यांनी फिरवले जाते. त्यातील एकदिश क्लचमुळे ही गती स्टार्टरच्या आर्मेचरपर्यंत पोहोचत नाही, म्हणूनच ते तगते. तो क्लच अडकला तर स्टार्टर फार दिवस टिकत नाही. उलट क्लच घसरू लागला तर स्टार्टर नुसताच गरगर फिरतो आणि एंजिन ढिम्म राहते.

पेट घेण्याच्या क्षणी

या टप्प्यातील धक्का व ‘धाड’ असा आवाज पुष्कळदा एंजिनाच्या आतला नसतोच. एंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते, त्यांना आपल्याकडे ‘फाउंडेशन’ म्हणतात. रबरावर टेकलेल्या एंजिनाची डोलण्याची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला साधारणतः सहा ते अठरा आंदोलनांच्या दरम्यान येईल अशी योजना केलेली असते. स्टार्टर मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी फिरवीत असताना चार सिलिंडरांच्या एंजिनाचे धक्के सेकंदाला सहा-सात बसतात. नऊशे फेऱ्यांनी चालू लागल्यावर ते तीस होतात. म्हणजे प्रत्येक वेळी सुरू होताना एंजिनाला अनुनादाचा पट्टा ओलांडून जावे लागते, आणि बंद होताना तोच पट्टा उलट दिशेने पुन्हा ओलांडावा लागतो. यातून एक सोपी कसोटी निघते. जो धक्का सुरू करताना बसतो आणि बंद करतानाही बसतो, पण मध्ये चालत्या एंजिनात जाणवत नाही, तो फाउंडेशनचा. रबर फाटले वा त्याच्यातील तेल गळून गेले की एंजिन सरळ साट्यावर आदळते. उपाय फाउंडेशन बदलण्याचा. मात्र तीन-चारांपैकी एकच बदलल्यास उरलेल्या जुन्या आधारांवर भार विषम पडतो, हे ध्यानात ठेवावे.

सायलेन्सरच्या नळीभोवती बसवलेले पत्र्याचे उष्णतारोधक कवच सैल झाले असेल, तर तेही नेमक्या याच वेळी झणझणते. गाडी पूर्ण थंड असताना ते हाताने हलवून पाहता येते आणि बहुधा एका पकडपट्टीने काम भागते. एवढ्या क्षुल्लक कारणासाठी एंजिन उघडले जाण्याचे प्रसंग मात्र क्षुल्लक नसतात.

एंजिनाने पेट घेताच ‘चीं’ अशी किंचाळी येणे हे पट्ट्याचे लक्षण होय. बॅटरीतून नुकताच मोठा प्रवाह खर्च झालेला असतो, तो भरून काढण्यासाठी अल्टर्नेटरवर एकदम भार पडतो आणि सैल वा कडक झालेला पट्टा पुलीवर घसरतो. कोकणात पावसाळ्यात सकाळी हा आवाज अधिक ऐकू येतो, याचे कारण दमट हवेने पट्ट्याच्या खाचांवर आलेली ओल. पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचे थोडे थेंब उडवून पाहावे, हात आणि कपडे दूर ठेवून. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पट्ट्याला मेण वा अन्य काही चोपडण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पट्टा लवकर जातो.

पहिले तीन सेकंद

आता आपण या विषयाच्या मर्मस्थानी येतो. एंजिन पेटल्यापासून तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतर एखादा क्षण जो खडखडाट होतो, तो तेलाच्या अनुपस्थितीचा आवाज होय. तेलाचा पंप एंजिनाबरोबरच फिरू लागतो. परंतु चेंबरमधून तेल उचलून, फिल्टरमधून पार करून, ब्लॉकमधील वाटांनी थेट वरच्या कॅम-शाफ्टपर्यंत पोहोचवण्यास त्याला वेळ लागतो. हा वेळ शक्य तेवढा कमी राहावा म्हणून पुष्कळ फिल्टरांत रबराची एक एकमार्गी झडप ठेवलेली असते. एंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील व वाटांतील तेल तिच्यामुळे मागे परतत नाही. रबर कडक झाले, किंवा स्वस्त फिल्टरमध्ये ती झडप निकृष्ट असली, की रात्रीतून फिल्टर रिता होतो आणि सकाळी पंपाला तो आधी भरावा लागतो. आडव्या वा तोंड खाली करून बसवलेल्या फिल्टरांत हे विशेष घडते. नुकताच फिल्टर बदलल्यानंतर सकाळचा खडखडाट सुरू झाला असेल, तर दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

फिल्टरइतकाच महत्त्वाचा प्रश्न तेलाच्या पातळीचा व दाटपणाचा आहे. डब्यावरील ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘२० डब्ल्यू-५०’ या आकड्यांतील पहिला थंड स्थितीतील प्रवाहीपणा दर्शवतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे आणि पहिला आकडा जितका लहान, तितके थंडीत तेल लवकर वाहते. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सियसला तेल किती दाट राहते ते सांगतो. ‘३०’ वर्गाच्या तेलाची श्यानता त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ‘५०’ वर्गाची १६.३ ते २१.९. आवाज करणाऱ्या एंजिनात दाट तेल ओतण्याची शिफारस आपल्याकडे सर्रास होते. त्याने तापलेल्या एंजिनाचा आवाज काही काळ दबतो हे खरे. पण थंड अवस्थेत दाट तेल पोहोचण्यास अधिक वेळ घेते, आणि सुरुवातीचा खडखडाट, ज्यासाठी हा उपाय योजला, तोच वाढतो. कारखान्याने पुस्तिकेत जे तेल सांगितले असेल तेच वापरावे, हे विधान जाहिरातीसारखे वाटले तरी त्यामागे हा हिशेब आहे.

तेल व फिल्टर योग्य असूनही आवाज येत राहिला, तर तीन संशयित उरतात: हायड्रॉलिक टॅपेट, टायमिंग चेन व बेअरिंगे.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल साठवून व्हॉल्व्हची फट आपोआप शून्यावर ठेवण्याची सोय असते. ते तेल झिरपून गेले की तेल पुन्हा भरेपर्यंत हलकी, भरभर टकटक होते. एखादे सेकंद ती झाली तर तिला आजार म्हणता येत नाही. ज्या एंजिनांत अशी सोय नाही त्यांत फट हाताने जुळवावी लागते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या एंजिनात ती स्क्रूने जुळवली जाई, आणि कानाने टॅपेट जुळवणारे मिस्त्री त्या टॅक्सींनी घडवले. ही फट मिलिमीटरच्या दशांशांत मोजायची असते. आवाज पूर्ण बंद करण्याच्या हौसेने ती नाहीशी केली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि जळतो.

टायमिंग चेनची गोष्ट अधिक काळजीची आहे. क्रँक-शाफ्ट आणि कॅम-शाफ्ट यांना जोडणारी ही साखळी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टेन्शनरने ताठ ठेवलेली असते. दाब येईपर्यंत ती सैल राहते आणि मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटते. ‘साखळी ताणली गेली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तिच्या कड्या ताणल्या जात नाहीत, प्रत्येक सांध्यातील पिन व बुश झिजतात. दीडशे सांधे प्रत्येकी शतांश मिलिमीटरने झिजले तरी एकूण लांबी दीड मिलिमीटरने वाढते. टेन्शनरची धाव संपत आली म्हणजे दोन सेकंदांचा खडखडाट पाच सेकंदांचा होतो. येथे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. आजच्या बहुतेक एंजिनांत, साखळीने दाता सोडला तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो आणि सकाळचा एक खडखडाट एंजिनाचा अखेरचा ठरू शकतो. साखळी बदलताना टेन्शनर आणि मार्गदर्शक पट्ट्या बदलल्याच पाहिजेत. जुन्या टेन्शनरवर नवी साखळी चढवणे म्हणजे अर्धे काम होय.

या गटातील एक सुप्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखे आहे. २००८ ते २०१२ या वर्षांतील होंडा अ‍ॅकॉर्ड गाड्यांच्या २.४ लिटर एंजिनात थंड असताना सुरू करताच सुमारे दोन सेकंद मोठी घरघर होत असे. ऐकणाऱ्यास तो स्टार्टरचा दोष वाटे, आणि अनेकांनी स्टार्टर बदलूनही पाहिले. प्रत्यक्षात कॅम-शाफ्टच्या टोकाला, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणारे जे पात्यांचे उपकरण असते, त्यातील अडसराची पिन एंजिन बंद असताना नीट अडकत नव्हती. सुरू होताच मोकळे झालेले उपकरण तेल भरेपर्यंत इकडून तिकडे आपटत राही. होंडाने अमेरिकेतील विक्रेत्यांसाठी याविषयी तांत्रिक पत्रक काढले व सुधारलेला भाग बसवण्याची सूचना दिली. आवाजाची जागा शोधताना कान किती फसतो आणि वेळ किती खरे बोलते, हे या उदाहरणावरून दिसते. घरघर एंजिन पेटण्याआधी होत होती की पेटल्यावर, एवढाच प्रश्न स्टार्टर वाचवण्यास पुरेसा होता.

बेअरिंगांचा ठोका खोल व जड असतो, हातोडीने लाकडावर मारल्यासारखा. क्रँक-शाफ्ट व बेअरिंग यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते व तेलाचा पापुद्रा ती भरून काढतो. झिजेने ती वाढली की तेल येईपर्यंत कनेक्टिंग रॉड ठोके देतो. पुढे झीज वाढली म्हणजे हाच ठोका एंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर आणि भार पडल्यावरही ऐकू येऊ लागतो. त्या अवस्थेत गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याऐवजी ओढून न्यावी. हे सांगणे कठोर वाटेल; परंतु सुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही.

तापेपर्यंतचा आवाज

पहिली काही मिनिटे टिकून मग आपोआप विरणारा आवाज म्हणजे उष्णतेने भरून येणाऱ्या फटीचा आवाज. येथे थोडे गणित करू. ऐंशी मिलिमीटर व्यासाचा, अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.१६ मिलिमीटरने फुगतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तर सुमारे ०.०९ मिलिमीटरने. म्हणजे फट ०.०७ मिलिमीटरने कमी होते. झिजलेल्या एंजिनात थंड स्थितीत ०.१२ मिलिमीटर फट असेल, तर तापल्यावर ती ०.०५ राहते, आणि पिस्टन जो सिलिंडरच्या भिंतीवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला थपडा मारीत होता तो शांत होतो. हा आवाज पोकळ व बोथट असतो. तापल्यावर तो पूर्ण जात असेल, तेल जळत नसेल, निळा धूर नसेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षे चालते आणि केवळ या कारणासाठी एंजिन उघडणे मला समर्थनीय वाटत नाही. बेअरिंगाचा ठोका तापल्यावर वाढतो, पिस्टनची थप्पड तापल्यावर घटते. हा एक भेद लक्षात ठेवला तर पुष्कळ भीती आणि पुष्कळ खर्च दोन्ही टळतील.

तापल्यावर नाहीसा होणारा दुसरा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून निसटणाऱ्या वायूचा. तो टॅपेटच्या टकटकीशी इतका मिळताजुळता असतो की भले भले फसतात. गती नऊशे फेऱ्यांची असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसात वेळा उघडतो, आणि एका सिलिंडरचा वायूही साडेसात वेळाच फसकन बाहेर पडतो, तेव्हा मोजून हा भेद कळत नाही. डोळ्यांनी मात्र कळतो: जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. हा दोष केवळ कर्णकटू नव्हे. थंड एंजिनात मिश्रण इंधनाने समृद्ध असते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत काम करीत नाही. त्यामुळे याच वेळी धुरात कार्बन मोनॉक्साइड सर्वाधिक असतो. त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसणे जिवावर बेतू शकते. दार उघडे ठेवून नव्हे, तर गाडी उघड्यावर आणूनच ही परीक्षा करावी.

येथेच एका निर्दोष आवाजाचाही उल्लेख केला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मर्यादा पाळण्यासाठी कन्व्हर्टर लवकर तापवावा लागतो. म्हणून संगणक थंड एंजिन मुद्दाम बाराशे-पंधराशे फेऱ्यांनी चालवतो व ठिणगी उशिरा टाकतो. एंजिन पहिला अर्धा-एक मिनिट घुमते आणि मग आपोआप गती उतरते. जुनी गाडी विकून नवी घेतलेल्या माणसाला हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे.

डिझेल एंजिनाविषयी थोडे. त्यात इंधन फवारल्यापासून ते पेटेपर्यंत जो विलंब लागतो तो थंडीत वाढतो. तेवढ्या वेळात अधिक इंधन साचते आणि एकदम भडकते. नाशिककडे डिसेंबरच्या पहाटे ऐकू येणारी डिझेलची कडकड ती हीच. ती अलीकडे वाढली असेल तर ग्लो-प्लग तपासावेत. एकच निकामी असेल तर तेवढा सिलिंडर उशिरा पेट घेतो, एंजिन लंगडते आणि पांढरा धूर येतो.

जागा शोधण्याची रीत

फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले. गॅरेजमध्ये लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून टोक एंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर ठेवणारा मिस्त्री तेच करीत असतो. पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर राहून व्हॉल्व्ह-कव्हर, टायमिंग-कव्हर, ब्लॉक आणि चेंबर असे वरून खाली यावे. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट तेथे त्याचे घर. संशय एका सिलिंडरवर आला तर त्याचे इंजेक्टर काही सेकंद बंद करून पाहावे. बेअरिंगाचा किंवा पिस्टनचा ठोका त्यामुळे मंद होतो, टॅपेटची टकटक तशीच राहते. इंजेक्टरऐवजी ठिणगी बंद करण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते.

व्यवहारातील मोठी अडचण अशी की गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की ती तापते आणि आवाज पळून जातो. मिस्त्री ऐकतो, काही ऐकू येत नाही, आणि मग तर्कावर भाग बदलले जातात. तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवावी व सकाळी मिस्त्रीच्या समोर प्रथम सुरू करावी. ते शक्य नसेल तर घरीच बॉनेट उघडून, फोन एकाच जागी ठेवून, किल्ली फिरवण्यापूर्वीपासून पाच मिनिटांपर्यंतचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. त्यासोबत रात्रभर गाडी किती तास उभी होती, तेलाचा दिवा किती सेकंदांनी विझला आणि शेवटचे तेल कोणते व केव्हा घातले होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात.